लोलक माझ्याच हातात होता

नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावर नाटकाच्या तालमींसाठी एक हॉल आहे. त्याचा जिना एरवी धूळ खात पडलेला असतो. त्या आठवड्यात मात्र तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. परीक्षेचे निकाल नुकतेच लागले होते आणि प्रत्येक पायरीवर एकेक घर उभं होतं. पुढे आई किंवा बाप, मागे मान खाली घातलेलं पोर. दार उघडलं की आतून कोणीतरी डोळे पुसत बाहेर येई आणि जिन्यावरच्या लोकांना सांगे, "काय सांगू, अगदी माझ्या मनातलंच निघालं हो." हे ऐकून रांग आणखी दाटीवाटीने पुढे सरके.

हा सगळा महिमा दिशासरांचा होता. दिशासर म्हणजे जटा वाढवलेले बाबा नव्हेत. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा फिका निळा शर्ट, आणि बोलणं असं मऊ की ऐकणाऱ्याला डुलकी यावी. त्यांच्यासमोरच्या टेबलावर पंख्याच्या आकाराचा एक पाट असे. पाटावर कप्पे आखलेले. मुलापुढे जेवढे मार्ग असतील तेवढी कार्डं आईबापांनी स्वतःच्या हाताने लिहायची, एकेका कप्प्यात ठेवायची, मुलाचा हात पाटाशेजारी ठेवायचा, आणि रेशमी दोऱ्याला टांगलेला काचेचा लोलक आपल्याच चिमटीत धरायचा. थोड्या वेळाने लोलक हलू लागे आणि एका कार्डाच्या दिशेने झोके घेई. झालं, मुलाच्या आयुष्याचा निकाल लागला.

"प्रत्येक बाळाबरोबर विश्वाची एक लहर जन्माला येते," दिशासर म्हणत. "ती आपल्याला ऐकू येत नाही, लोलकाला येते. मी काही करत नाही. मी तर लोलकाला हातसुद्धा लावत नाही." त्यांच्या सगळ्या बोलण्यात एवढं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि मी नेमका त्यावरच घसरलो.

आता माझी ओळख करून देतो. मी इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी चमत्कारांची हजेरी घेतो. पाण्यावर तरंगणारा दगड, काडीशिवाय पेटणारा यज्ञ, असली पुष्कळ प्रकरणं मी उघडी पाडली आहेत. माझ्याकडे त्यासाठी एक कापडी पिशवी आहे. तिच्यात होकायंत्र, लोहचुंबक, भिंग, टॉर्च आणि काही नटबोल्ट असतात. विद्यार्थी माझ्या मागे मला 'सिद्ध करा' म्हणतात, कारण कोणी काहीही म्हटलं की माझ्या तोंडून तेवढेच दोन शब्द बाहेर पडतात. मला हे नाव मनापासून आवडायचं. ते मला माहीत नाही असं मी दाखवत असे, हा भाग निराळा.

माझ्या घरात त्या वेळी एकच वाद चालू होता. मुलीला उत्तम गुण मिळाले होते आणि तिला मानसशास्त्र शिकायचं होतं. मी म्हणत होतो, फिजिक्स. प्रवेशाची मुदत सोमवारी संपत होती. जेवताना मी तिला विचारी की मन कुठे असतं ते दाखव, त्याचं वजन किती, ते कुठल्या पट्टीने मोजतात. ती म्हणे, "बाबा, गुरुत्वाकर्षण तरी तुम्ही ताटात वाढून दाखवलंय का?" मग मी हसण्यावारी नेई. मनातून मात्र मला भीती वाटत होती. एवढी हुशार पोरगी, लोकांची रडगाणी ऐकत आयुष्य काढेल, आणि माझी पिशवी पुढे कोण चालवेल?

दिशासरांचा बोभाटा वाढला तेव्हा मी ठरवलं की आता आपणच जायचं. शोध घ्यायचा तर गिऱ्हाईक बनूनच घ्यायला हवा, म्हणून मुलीलाही बरोबर घेतलं. ती लगेच तयार झाली. बायको म्हणाली, "मीही येते, मला बघायचंय." तिला नेमकं काय बघायचं होतं, चमत्कार की मी, ते मी विचारलं नाही.

निघताना मी दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. फाटकापर्यंत गेल्यावर परत आलो, पुन्हा ओढून पाहिलं. कोपऱ्यावरून पुन्हा मागे वळलो. ही माझी जुनी सवय. मायलेकी कोपऱ्यावर शांतपणे उभ्या राहतात, त्यांनी त्याची वेळ निघण्याच्या वेळेतच धरलेली असते.

हॉलमध्ये माझा नंबर आला तेव्हा गर्दीत कुजबुज झाली. 'सिद्ध करा' आलेत म्हणजे आता मजा. मी पिशवी टेबलावर ठेवली. दिशासरांनी हसून हात पुढे केला आणि म्हणाले की नीट बघा, सर, जिज्ञासा फार चांगली गोष्ट. मग मी होकायंत्र पाटावरून फिरवलं, सुई जागची हलली नाही. लोलक भिंगाखाली धरला, काच ती काचच. पंखे बंद करवले. शेवटी टॉर्च घेऊन मी टेबलाखाली शिरलो. माझ्याच विद्यार्थ्यांच्या आईबापांसमोर मी चार पायांवर रांगत होतो, तार नाही, चुंबक नाही, मोटर नाही. बाहेर येताना टेबलाची कड डोक्यात बसली. लोक हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

मग मी कार्डं लिहिली. फिजिक्स, सायकॉलॉजी, कायदा, आणि जागा भरायला वाणिज्य. पाटावर ठेवली. मुलीने हात ठेवला. मी लोलक धरला आणि मनाशी ठरवलं की हात दगडासारखा स्थिर ठेवायचा. मी बोटांकडे पाहत होतो. बोटं हलत नव्हती, हे मी कोर्टात शपथेवर सांगितलं असतं.

लोलक थरथरला. मग हलू लागला. मग फिजिक्सच्या कार्डाच्या दिशेने असा ठाम झोके घेऊ लागला की जणू त्याला प्रवेशाची तारीख माहीत होती. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. दिशासर माझ्याकडे वाकले आणि अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सिद्ध झालं, सर."

 परतताना मी म्हणालो, "मी हे काही मानत नाही. पण..."

कॉलेजात वर्षानुवर्षं मी मुलांना सांगत आलोय की अंधश्रद्धेची सुरुवात नेहमी या 'पण'पासून होते. माणूस आधी म्हणतो मी मानत नाही, पण. आणि त्या पणच्या मागून सगळी मिरवणूक आत येते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, हे माझ्या बाबतीत त्या दिवशी रस्त्यावर चालता चालता खरं झालं. मी म्हणालो की काहीतरी अज्ञात बल असू शकतं, विज्ञानाला सगळंच कुठे ठाऊक आहे. हे वाक्य मी आयुष्यभर भोंदूंच्या तोंडून ऐकलं होतं. माझ्या तोंडून ते फार सहज निघालं.

"तुमच्याच मनासारखं निघालं, हे बरं झालं," बायको म्हणाली. मला ते कौतुक वाटलं.

घरी येऊन मी मुलीला समजावलं की लोलकाचं जाऊ दे, पण एवढा स्पष्ट कौल आलाच आहे तर सोमवारी फिजिक्सचाच अर्ज देऊ. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते खाली पडू न देता ती आत निघून गेली. मी त्याचा अर्थ असा लावला की तिला पटायला लागलंय.

दुसऱ्या दिवशी जिन्यावरची रांग रस्त्यावर आली. दिशासर प्रत्येकाला सांगत होते की खुद्द तुमच्या विज्ञानाच्या सरांनी टेबलाखाली जाऊन खात्री केली आहे. शेजारचे औषधदुकानदार मला भेटून आभार मानून गेले. त्यांच्या मुलाला झाडांचं वेड, त्याला शेतीच्या कॉलेजात जाऊन रोपवाटिका काढायची होती. ते म्हणाले, "मी जरा साशंक होतो. पण तुम्ही हात लावला म्हटल्यावर रविवार संध्याकाळचा नंबर घेऊन टाकला." मी 'बरं केलंत' असं काहीतरी पुटपुटलो. त्यांचा मुलगा मागे उभा होता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही.

रविवारी सकाळी मुलीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर एक वहीचा कागद, त्यावर पंख्यासारखे कप्पे, कप्प्यांत चार चिठ्ठ्या. माझ्याच पिशवीतला एक नट दोऱ्याला बांधलेला. बायको ओट्याशी भाजी चिरत होती, म्हणजे तिचा चेहरा दिसत नव्हता.

"धरा," मुलगी म्हणाली.

मी धरला. नट थरथरला, हलला, फिजिक्सकडे झोके घेऊ लागला. काच नाही, रेशीम नाही, दिशासर नाहीत.   तिने दोरा माझ्या हातातून घेऊन फडताळाच्या खिळ्याला अडकवला आणि खाली तोच कागद धरला. आम्ही दोघं उभं राहून पाहत होतो. नट हूं की चूं करेना. विश्वाची लहर बहुधा खिळ्याशी बोलत नसावी.

"आता हा परत धरा, आणि डोळे बांधू द्या." तिने आईच्या ओढणीने माझे डोळे घट्ट बांधले. मी दोरा धरून उभा राहिलो. कागदाची किंचित खसखस झाली. मग बायकोच्या हसण्याचा आवाज आला, तो तिने लगेच खोकल्यात बुडवला.

"हलतोय का?" मी विचारलं.

"हलतोय. अगदी ठाम. काढा ओढणी."

नट पूर्वीच्याच दिशेने झोके घेत होता. फक्त त्या कप्प्यातली चिठ्ठी आता फिजिक्सची नव्हती. तिथे सायकॉलॉजी होतं.

"झालं मग," ती म्हणाली. "विश्वाने सायकॉलॉजी सांगितलं. उद्या अर्ज देऊ?"

"हे कसं चालेल? तू चिठ्ठ्या बदलल्यास."

"हो. आणि ते लोलकाला कळलं नाही, बाबा. कारण ते तुम्हाला कळलं नव्हतं."

मी खुर्चीवर बसलो. तरी हेका सुटेना. म्हणालो की मी हलवलेला नाही, माझा हात स्थिर होता.

"सिद्ध करा," ती म्हणाली.

भाजी चिरण्याचा आवाज थांबला होता. 

मग तिने सांगितलं, आणि ती सांगत असताना तिचा चेहरा इतका उजळला होता की माझी नजर नटावरून तिच्याकडे गेली. जिन्यावर आम्ही उभे होतो तेव्हा मी वायर कुठून आली असेल ते शोधत होतो आणि ती माणसं पाहत होती. दारातून बाहेर पडणारे आईबाप खुशीत, पोरं रडवेली. एकाही घरात उलटं नाही. एका मुलाला आईच्या हातात वकिली निघाली, म्हणून बापाने लोलक धरला तर हिशेबतपासनीस निघाला. दिशासर म्हणाले लहरींचा गोंधळ आहे, पुन्हा नंबर घ्या. तेव्हाच तिच्या लक्षात आलं की प्रश्न टेबलाखाली नाहीच. मग वाचनालयात जाऊन तिने वाचलं. आपल्या मनात एखादी दिशा पक्की बसली की बोटांचे स्नायू इतके बारीक हलतात की ते हलवणाऱ्यालाही समजत नाही. हे खोटं बोलणं नव्हे. तो माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगतो की मी काही केलं नाही.

"पण एवढ्याशा हालचालीने नट इतका मोठा झोका कसा घेईल?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच जीभ चावली. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. झोपाळ्याला वेळच्या वेळी बोटाने जरी ढकललं तरी तो आभाळाला टेकतो. अर्धं उत्तर माझ्या विषयात होतं, उरलेलं अर्धं तिच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी पाट तपासला, दोरा तपासला, काच तपासली, हवा तपासली. जो माणूस तो लोलक धरून उभा होता, त्याला तपासायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण तो मी होतो.

मला लाज वाटली. फसल्याची तेवढी नाही. मी माझ्या मुलीवर माझी इच्छा लादत होतो आणि तिला विश्वाची इच्छा म्हणत होतो, याची वाटली. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. पण संध्याकाळी शेजारच्या काकांचा नंबर आहे."

संध्याकाळी मी जाताना मनात भाषण जुळवत होतो. विवेक, कार्यकारणभाव, समाजप्रबोधन, सगळं होतं त्यात. जिन्यावरच मुलीने बजावलं की भाषण नको, तुमचं काय झालं तेवढं सांगा. असली अवघड सूचना मला आजवर कोणी केली नव्हती.

हॉल तुडुंब होता. औषधदुकानदारांनी दोनच कार्डं लिहिली होती, औषधशास्त्र आणि शेती. लोलक औषधशास्त्राकडे झुलत होता आणि मुलगा जमिनीकडे बघत होता. दिशासर मला पाहून म्हणाले, या सर, तुमच्यामुळेच ही सगळी मंडळी आली आहेत. मी पुढे गेलो. 

"तेच सांगायला आलोय," मी म्हणालो. "परवा तो लोलक मी हलवला होता. मलाच कळलं नाही."

 मागून कोणीतरी म्हणालं, "सिद्ध करा." लोक खो खो हसले. न्याय होता तो.

मुलीने पुढे येऊन दुकानदारांना विचारलं की काका, डोळे बांधून एकदा धराल का. ते माझ्याकडे बघून हो म्हणाले. दिशासर घाईने मध्ये आले. म्हणाले की डोळे बांधले की लहर तुटते.

"लहर मुलाच्या हातातून येते म्हणालात ना?" ती शांतपणे म्हणाली. "हात तर उघडाच आहे."

विश्वास नसेल तिथे लोलक काम करत नाही, असं ते पुढे म्हणाले. पण दुकानदारांनी तोवर स्वतःच खिशातला रुमाल काढला होता. त्यांचा विश्वास पुरेपूर होता, तीच तर गंमत. डोळे बांधले. मुलीने सगळ्यांना दिसेल असं दोन्ही कार्डं उचलून अदलाबदल केली आणि बोट ओठांवर ठेवलं.  लोलक हलला, आणि मघाच्याच जागेकडे, मघाच्याच ठामपणे झोके घेऊ लागला. तिथे आता शेतीचं कार्ड होतं.

दुकानदारांनी रुमाल काढला. कार्डाकडे बघितलं, मग मुलाकडे.  त्यांनी लोलक अगदी जपून टेबलावर ठेवला आणि मुलाला विचारलं, "तुला काय करायचंय, हे मी तुला कधी विचारलंच नाही का रे?" मुलाने मान हलवली. नाही, अशी.

त्यानंतर जो तो डोळे बांधून लोलक धरू लागला. डॉक्टरच्या जागी सुतार निघाले, सुताराच्या जागी वकील. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. काही आया मात्र हसत नव्हत्या, पोरांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. या गडबडीत दिशासर केव्हा पाट काखेत मारून खाली उतरले ते कोणाला समजलं नाही. विश्वाने त्यांना बहुधा बसस्थानकाची दिशा दाखवली असावी. मला त्यांचा फार राग आला नाही. त्यांनी नुसता दोरा दिला होता. झुलवायचं काम आम्ही सगळ्यांनी हौसेने केलं.

सोमवारी मी मुलीबरोबर मानसशास्त्राच्या प्रवेशाला गेलो. रांगेत उभं असताना तिला विचारलं की बाकी सगळं ठीक, पण हे खूळ तुझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं कुठून? एखादं पुस्तक, एखाद्या बाई, कोणीतरी प्रेरणास्थान असेल.

"तुम्ही," ती म्हणाली.

माझी छाती फुगली. मी म्हणालो की हो, शास्त्रीय दृष्टी घरातूनच येते.

"तसं नाही, बाबा. तुम्ही कुलूप लावता. ओढून बघता. लागलंय हे तुम्हाला माहीत असतं. तरी कोपऱ्यावरून परत जाता. मी लहान असल्यापासून तिथे उभी राहून विचार करते की ज्याला सगळं सिद्ध झालेलं लागतं, त्याला स्वतःचंच सिद्ध झालेलं का पटत नाही? तुमच्या पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. सगळी शोधून झाली."

पुढच्या खिडकीवरची बाई हसली. मीही हसलो, या वेळी वेळेवर. लोक विज्ञानाकडे का वळतात, यावर मी मोठमोठी व्याख्यानं दिली आहेत. तारे, इंद्रधनुष्य, झाडावरून पडणारी फळं. कोणी बापाच्या कुलपाकडे बघत बघतही वळतं, हे मला माहीत नव्हतं. आपल्याला न उलगडलेली एक गोष्ट आणि ती सोडून न देण्याचा हट्ट, एवढ्यावर माणूस शास्त्रज्ञ होतो. मग ती गोष्ट आकाशात असो की घराच्या दारावर.

तेव्हा वाचकहो, माझं सांगणं थोडकं आहे. एखादा चमत्कार तुमच्या मनाविरुद्ध घडला तर तुम्ही तो तपासालच, त्यासाठी माझी गरज नाही. अगदी मनासारखा घडला तर मात्र टेबलाखाली शिरण्याआधी एकदा आपल्या हाताकडे बघा. आणि पोराच्या आयुष्याचा प्रश्न असेल तर लोलकाला विचारू नका, पोराला विचारा. ते समोरच बसलेलं असतं.

मी अजूनही कोपऱ्यावरून परत जातो. फक्त आता मुलगी मला थांबवून आधी विचारते, "कुलूप लागलंय असं किती खात्रीने वाटतंय?" तिच्या अभ्यासाला ते हवं असतं म्हणे. मी प्रामाणिकपणे सांगतो, आणि मग जाऊन ओढून बघतो.